सुती कापडावरील टिकाऊ पाणीरोधक आणि तेलरोधक फिनिश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील यंत्रमागधारक, गणवेश पुरवणारे व्यापारी, केळी आणि मिरचीच्या व्यवहारातील मंडळी आणि घरगुती ग्राहक यांना पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. खानदेशात कापूस पिकतो, सूत कातले जाते, कापडही विणले जाते; परंतु विणलेल्या कापडावर शेवटी जी रासायनिक प्रक्रिया होते, म्हणजेच फिनिश, तिच्याविषयी मात्र आपल्याकडे माहितीपेक्षा जाहिरातच अधिक पोहोचते. म्हणून काही उत्तरे मुद्दाम विस्ताराने दिली आहेत.

प्रश्न : कापड ‘स्वतः स्वच्छ होते’ याचा नेमका अर्थ काय?

कापड मळतच नाही, असा त्याचा अर्थ नाही. अळूच्या पानावर पडलेले पाणी जसे पसरत नाही, गोळा होऊन घरंगळते आणि जाताना पानावरची धूळ सोबत नेते, तसेच वर्तन या कापडाकडून अपेक्षित असते. कमळाच्या पानाबाबत हे कसे घडते याचा उलगडा जर्मनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि ख्रिस्तोफ नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये सविस्तर मांडला. पानावर सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्या उंचवट्यांवर त्याहून बारीक मेणाचे स्फटिक असतात, त्यामुळे थेंब पानाला फक्त टोकांवर स्पर्श करतो आणि उरलेल्या जागेत हवा अडकून राहते. ज्या पृष्ठभागावर पाण्याच्या थेंबाचा स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, १५० अंशांपेक्षा अधिक असतो आणि पृष्ठभाग १० अंशांपेक्षाही कमी कलवला तरी थेंब ओघळून जातो, त्याला अतिजलविरोधी पृष्ठभाग म्हणतात.

यातली गोम अशी की ही स्वच्छता पाण्यावाचून होत नाही. होळीपासून मृगापर्यंत आपल्याकडे पावसाचा थेंब क्वचितच पडतो, आणि त्याच काळात धूळ सर्वाधिक उडते. अशा दिवसांत हे कापड झटकल्यावर साध्या कापडापेक्षा लवकर स्वच्छ होईल, किंवा तिरके धरून त्यावर तांब्याभर पाणी ओतले तर धूळ निघून जाईल. पण कपाटात टांगलेले कापड आपोआप उजळ होणार नाही. काळ्या मातीचा ओला चिखल हा आणखी वेगळा प्रकार आहे. त्यातील अतिशय बारीक चिकणमाती लगद्यासारखी चिकटते, थेंब होऊन ओघळत नाही. तो वाळू द्यावा आणि मग ब्रशने झटकावा. फिनिश केलेल्या कापडावरून तो सहसा डाग न ठेवता निघतो.

प्रश्न : कापूस तर पाणी शोषतो. मग त्यावर पाणी थांबवणे स्वभावाविरुद्ध नाही का?

शोषून घेणे हा धुऊन स्वच्छ केलेल्या कापसाचा गुण आहे, झाडावरच्या कापसाचा नव्हे. जिनिंगमधून आलेल्या रुईचा बोळा पाण्यावर टाकला तर तो बराच वेळ तरंगतो, कारण प्रत्येक तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो. वजनाने हे मेण साधारणतः एक टक्का किंवा त्याहूनही कमी असते, तरी तेवढ्यावर पाणी अडते. कापड रंगवता यावे म्हणून कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणात ते काढून टाकले जाते, आणि त्यानंतरच सेल्युलोजच्या, म्हणजे कापसाच्या मूळ द्रव्याच्या, रेणूंवरील पाण्याला धरणारे हायड्रॉक्सिल गट पाण्याला उघडे पडतात. दवाखान्यातला शोषक कापूस हा असाच मेण काढलेला कापूस असतो. पाणीरोधक फिनिश करताना काढलेल्या मेणाच्या जागी, रंगाई झाल्यानंतर, अधिक टिकाऊ असा दुसरा थर दिला जातो.

प्रश्न : पाणी थांबवणारे कापड तेल का थांबवत नाही?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण बाजारातील बहुतेक गैरसमज येथूनच निघतात.

कोणताही द्रव कापडावर पसरेल की गोळा होऊन राहील, हे त्या द्रवाचा पृष्ठताण (गोळा होऊन राहण्याचा जोर) आणि कापडाच्या पृष्ठभागाची ऊर्जा (द्रवाला स्वतःकडे ओढण्याचा जोर) यांच्या तुलनेवर ठरते. स्पर्शकोनाचा हा विचार टॉमस यंग यांनी १८०५ मध्ये मांडला. पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर इतका मोठा आहे. शेंगदाणा, सरकी किंवा सोयाबीन या तेलांचा तो साधारणतः ३२ ते ३५ असतो. पेट्रोलसारख्या पदार्थांचा वीस-बावीसच्या आसपास येतो. आता कापडावर मेणाचा किंवा सिलिकोनचा थर दिला, तर त्या थराची पृष्ठऊर्जा याच एककात साधारणतः २० ते २४ असते. पाण्याच्या ७२ पुढे ती इतकी कमी आहे की पाणी पसरण्यास नकार देते. तेलाच्या ३२ पुढे मात्र ती फारशी कमी नाही. तेलाचा थेंब क्षणभर थांबल्यासारखा दिसतो आणि मग हळूहळू जिरतो. तेलाला खरोखर अडवायचे तर पृष्ठऊर्जा वीसच्या बरीच खाली न्यावी लागते, आणि तेथपर्यंत पोहोचणारे रसायन आजमितीस एकच कुटुंब आहे, ते म्हणजे फ्लोरिनयुक्त संयुगांचे. कार्बनला तीन फ्लोरिन अणू जोडलेले गट पृष्ठभागावर दाटीने उभे राहिले तर पृष्ठऊर्जा सहापर्यंत उतरते.

यावर एक उपाय नेहमी सुचवला जातो : कापडावर सिलिकाचे अतिसूक्ष्म कण बसवून ते खडबडीत करावे. हा उपाय पाण्यासाठी खराच प्रभावी आहे. तथापि १९३६ मध्ये वेन्झेल यांनी दाखवलेला नियम लक्षात ठेवावा लागतो : खडबडीतपणा पृष्ठभागाचा मूळ स्वभाव वाढवतो, बदलत नाही. पाण्याला नाकारणारा थर खडबडीत झाला की पाण्याला अधिकच नाकारतो. परंतु तेलाला थोडाफार स्वीकारणारा थर खडबडीत झाला की तो तेल अधिक वेगाने पिऊन घेतो. म्हणजे सिलिका आणि सिलिकोन यांचे फिनिश प्रात्यक्षिकात पाण्याचे थेंब उड्या मारताना दाखवते आणि त्याच कापडावर फोडणीचे तेल पडले तर साध्या कापडापेक्षाही लवकर शोषते, असे घडू शकते.

हवा अडकवून थेंब उचलून धरण्याचा दुसरा मार्ग कॅसी आणि बॅक्स्टर यांनी १९४४ मध्ये मांडला, आणि कापडाच्या बाबतीत तो फार उपयोगी पडतो, कारण धाग्यातील तंतू गोल असतात. द्रव वरून तंतूच्या कडेने खाली उतरू लागला की तंतूचा पृष्ठभाग आतल्या बाजूला वळतो आणि तेथे द्रव अडखळतो. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २००७ मध्ये असा आत वळणारा आकार आणि फ्लोरिनयुक्त रेणू यांची सांगड घालून अत्यंत कमी पृष्ठताणाचे द्रवही अडवून दाखवले. त्यातही फ्लोरिन होतेच. केवळ आकाराच्या जोरावर, फ्लोरिनशिवाय, शेकडो वेळा घासल्या-धुतल्या जाणाऱ्या सुती कापडावर तेल अडवून ठेवणारे व्यापारी फिनिश आज ग्राहकाला विश्वासाने सुचवावे असे नाही.

प्रश्न : ‘टिकाऊ’ हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला जातो?

थर कापडावर नुसता बसला आहे की तंतूला रासायनिक बंधाने जोडला गेला आहे, यावर टिकाऊपणा ठरतो. मेणाचे पायस (पाण्यात मिसळलेले मेणाचे बारीक थेंब) कापडावर मारले तर ते गरम पाणी आणि साबण यांनी उतरते. अशा फिनिशला टिकाऊ म्हणू नये. टिकाऊ फिनिशमध्ये पॉलिमरच्या जोडीला एक जोडणारे रसायन असते. बंदिस्त आयसोसायनेट हा त्यातला प्रचलित प्रकार. ते द्रावणात शांत असते, ठरावीक तापमानाला त्याचे ‘कुलूप’ उघडते आणि मग ते एका बाजूला पॉलिमरला आणि दुसऱ्या बाजूला सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिल गटाला धरते. सिलेन वर्गातील रसायनेही त्याच हायड्रॉक्सिल गटांशी सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तयार करतात. पॉलिएस्टरवर अशी पकडायची जागा जवळजवळ नसते, सुतावर भरपूर असते. या एका बाबतीत कापूस अधिक सोयीचा आहे.

कारखान्यातील क्रम असा : कापड द्रावणातून नेऊन पॅडिंग मँगलच्या रुळांमध्ये पिळायचे, म्हणजे कोरड्या वजनाच्या साधारण ७० ते ८० टक्के द्रावण कापडात राहते; मग सुमारे १००-१२० अंश सेल्सिअसला वाळवायचे; आणि शेवटी स्टेंटरवर, म्हणजे कापड ताणून गरम हवेतून नेणाऱ्या यंत्रावर, १५० ते १७० अंशांत एक ते तीन मिनिटे शिजवायचे. या शेवटच्या टप्प्याला ‘क्युअरिंग’ म्हणतात, आणि काटकसर बहुधा येथेच केली जाते. स्टेंटर वेगाने पळवला की उत्पादन वाढते, ताज्या कापडावर पाणीही उत्तम थांबते, आणि तिसऱ्या-चौथ्या धुण्याला सगळे उतरते. आतील रसायन चांगले होते की वाईट, हा प्रश्न त्यानंतर निरर्थक ठरतो.

प्रश्न : फिनिश किती धुण्यांपर्यंत टिकते आणि ते कसे मोजतात?

फवारा चाचणीत कापड ४५ अंशांच्या कोनात ताणून त्यावर १५ सेंटिमीटर उंचीवरून २५० मिलिलिटर पाणी सोडतात आणि ओलेपणा पाहून ० ते १०० या दरम्यान गुण देतात. १०० म्हणजे पृष्ठभाग कोरडा. ५० म्हणजे वरची बाजू पूर्ण भिजली. तेलासाठी आठ द्रवांची वेगळी मालिका असते : पहिला द्रव जड खनिज तेलाचा, आणि पुढे पृष्ठताण उतरत जाऊन आठवा हेप्टेन. कापडावर ज्या क्रमांकाचा द्रव अर्धा मिनिट न जिरता थांबतो, तो त्याचा दर्जा. स्वयंपाकाच्या तेलासाठी तीन किंवा चार दर्जा सहसा पुरतो. पेट्रोल-डिझेलजवळ काम करणाऱ्यांना त्याहून वरचा लागतो. नमुना मुंबईतील बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन किंवा अहमदाबादमधील ‘अटिरा’ यांसारख्या वस्त्रसंशोधन संस्थांकडे पाठवून अशा चाचण्या करून घेता येतात.

पावसाळी कपड्यांच्या व्यवहारात ‘८०/२०’ अशी अट ऐकू येते. वीस धुण्यांनंतरही फवारा चाचणीत ८० गुण, असा तिचा अर्थ. विक्रेत्याने फक्त ‘धुतले तरी जात नाही’ असे सांगितले तर किती धुण्यांनंतर किती गुण, हे दोन आकडे कागदावर मागावेत. घासण्याची चाचणीही मागावी, कारण प्रत्यक्षात कापड धुण्यापेक्षा कोपर, खांदा आणि खिशाची कड येथील घर्षणानेच आधी निकामी होते.

प्रश्न : रावेर, यावल, चोपडा या भागांत केळीच्या चिकाने कपडे कायमचे डागाळतात. त्यावर याचा उपयोग होईल का?

होईल, पण मर्यादेत. केळीचा चीक मुख्यतः पाणीच असतो. त्यात विरघळलेली टॅनिनसदृश पॉलिफेनॉल द्रव्ये हवेतील ऑक्सिजनच्या संपर्कात आली की तपकिरी होतात आणि सेल्युलोजला घट्ट धरून बसतात. ताजा डाग जवळजवळ दिसत नाही आणि दुसऱ्या दिवशी तो निघत नाही, याचे कारण हेच. विहिरीच्या पाण्यात लोहाचे प्रमाण असेल तर तेच टॅनिन लोहाशी जुळून डाग अधिकच काळा करते.

चीक जलीय असल्यामुळे येथे फ्लोरिनची गरज नाही. फ्लोरिनविरहित पाणीरोधक फिनिश केलेल्या सदऱ्यावर उडालेले थेंब आत शिरण्यापूर्वी ओघळतात किंवा ओल्या फडक्याने पुसता येतात. अडचण खांद्याची आहे. घड खांद्यावर घेतला की वजनाचा दाब आणि घर्षण हे दोन्ही एकाच ठिकाणी पडतात. तेथे कोणतेही फिनिश दाबाखाली चीक आत जाऊ देते आणि तेथेच ते सर्वांत आधी झिजते. म्हणून कापणी आणि वाहतुकीच्या कामासाठी संपूर्ण कपड्यावर खर्च करण्याऐवजी खांद्यावर टाकायचे जाड सुती कापड वेगळे करून त्याच्यावरच फिनिश घ्यावे आणि ते झिजले की बदलावे, असे आमचे मत आहे. हे विक्रेत्यांना आवडत नाही.

प्रश्न : शेवभाजीची तर्री टेबलक्लॉथवर सांडली तर?

तर्री म्हणजे गरम तेल, त्यात विरघळलेला मिरचीचा रंग आणि हळद. तेल गरम असताना त्याचा पृष्ठताण आणि चिकटपणा दोन्ही कमी होतात, म्हणून गार तेलाच्या चाचणीत उत्तीर्ण झालेले कापडही येथे हरू शकते. फ्लोरिनविरहित फिनिश तर्री अडवणार नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

शिवाय एक उलटा परिणाम ध्यानात घ्यावा. रोधक फिनिश असलेल्या कापडात तेल एकदा दाबाने आत गेले की धुताना साबणाचे पाणी आत शिरायला तयार नसते, आणि डाग साध्या कापडापेक्षा अधिक चिवट होतो. १९५० च्या दशकात थ्रीएम कंपनीत पॅट्सी शर्मन आणि सॅम्युएल स्मिथ यांनी प्रयोगशाळेत बुटावर सांडलेल्या रसायनावरून डागरोधक फिनिश विकसित केले, आणि पुढे याच अडचणीवर उपाय म्हणून हवेत तेल नाकारणारे आणि पाण्यात गेल्यावर पाणीप्रेमी भाग बाहेर काढणारे पॉलिमरही त्याच दोघांनी तयार केले. खानावळीच्या मालकांसाठी आमचा सल्ला मात्र साधा आहे : तेल अडवणाऱ्या कापडाऐवजी ‘सॉइल रिलीज’, म्हणजे धुण्यात डाग सोडणारे फिनिश मागावे. ते पाणीप्रेमी असते, फ्लोरिनशिवाय मिळू शकते, आणि रोज धुतल्या जाणाऱ्या कापडासाठी तेच योग्य ठरते. उरलेला हळदीचा पिवळेपणा उन्हात टाकल्यावर फिका होतो, कारण कर्क्युमिन प्रकाशात विघटन पावते. साबण लावताच तो लाल झाला तर घाबरू नये. साबणातील अल्कलीने तसा रंग बदलतो.

प्रश्न : फ्लोरिनयुक्त फिनिश आरोग्याला घातक आहे का?

अंगावर घातलेल्या कापडापेक्षा चिंता त्याच्या निर्मितीची, धुण्याच्या पाण्याची आणि शेवटी होणाऱ्या कचऱ्याची आहे. कार्बन आणि फ्लोरिन यांच्यातील बंध सेंद्रिय रसायनशास्त्रातील सर्वांत मजबूत बंधांपैकी एक आहे. तेल अडवण्याचे सामर्थ्य या बंधातूनच येते, आणि निसर्गात तो तुटत नाही ही अडचणही त्यातूनच. या वर्गाला ‘पीफास’ म्हणतात. पूर्वी आठ कार्बनांच्या साखळीचे रसायन वापरले जाई आणि त्याच्या निर्मितीत व विघटनात पीफोआ आणि पीफोस ही द्रव्ये येत. निसर्गात टिकून राहणाऱ्या प्रदूषकांविषयीच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत पीफोस २००९ मध्ये आणि पीफोआ २०१९ मध्ये समाविष्ट झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये पीफोआला मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात ठेवले.

उद्योगाने दरम्यान सहा कार्बनांची साखळी स्वीकारली. ती शरीरातून लवकर बाहेर पडते, परंतु निसर्गात तीही टिकूनच राहते, आणि तिची तेल अडवण्याची क्षमता आठ कार्बनांपेक्षा कमी असल्यामुळे थर अधिक द्यावा लागतो. आता तिच्यावरही निर्बंध आले आहेत. कॅलिफोर्नियाने २०२५ पासून कापडातील जाणीवपूर्वक वापरलेल्या पीफासवर बंदी लागू केली, फ्रान्समध्ये कपड्यांवरील बंदी २०२६ पासून आहे, आणि युरोपीय संघाने २०२४ मध्ये सहा कार्बनांच्या आम्लावर घातलेले निर्बंध ग्राहकोपयोगी कपड्यांना ऑक्टोबर २०२६ पासून लागू होतात. थ्रीएमने २०२२ च्या अखेरीस या वर्गाच्या उत्पादनातून बाहेर पडण्याची घोषणा केली. निर्यातीचा विचार असलेल्या कोणत्याही उत्पादकाने नवी गुंतवणूक या रसायनावर आधारित करू नये.

आपल्या दृष्टीने आणखी एक बाब आहे. सांडपाणी शुद्धीकरणाच्या नेहमीच्या जैविक पद्धतीत ही द्रव्ये नष्ट होत नाहीत. ती पाण्यातून किंवा गाळातून पुढे जातात. ज्या प्रदेशात तापी, गिरणा आणि पांझरा यांच्याच पाण्यावर शेती आणि पिण्याच्या योजना चालतात, तेथे ही गोष्ट दूरच्या देशांतील कायद्यांपेक्षा अधिक जवळची समजावी.

प्रश्न : मग फ्लोरिन नको असेल तर काय मिळते?

मेण आणि रेझिन यांची मिश्रणे, सिलिकोन, लांब हायड्रोकार्बन साखळ्यांचे अ‍ॅक्रिलेट, पॉलियुरेथेन आणि शाखायुक्त पॉलिमर मिळतात. नव्या कापडावर यांतील चांगली फिनिशे फवारा चाचणीत ९०-१०० गुण मिळवतात. तेलाच्या चाचणीत बहुतेकांचा दर्जा शून्य असतो. ही त्रुटी रसायनाची नसून अपेक्षेची आहे : ज्याला पावसाचे शिंतोडे, चहा, चीक आणि गढूळ पाणी अडवायचे आहे, त्याला तेलरोधकाची गरजच नाही.

प्रश्न : भुसावळच्या उन्हाळ्यात असे कापड घालता येईल का?

पारा पंचेचाळिसाच्या पुढे जाणाऱ्या ठिकाणी हा प्रश्न रास्त आहे. योग्य रीतीने दिलेले फिनिश तंतूंवर बसते, धाग्यांमधील छिद्रे बुजवत नाही. त्यामुळे हवा आणि बाष्प आरपार जातात. द्रवरूप घाम मात्र कापड शोषत नाही, तो अंगावरच राहतो आणि चिकचिक वाढते. आतली बाजू शोषक ठेवून फक्त बाहेरच्या बाजूला फिनिश देण्याची पद्धत आहे; फेस किंवा छपाईच्या तंत्राने ते करता येते. तसे कापड मिळत नसेल तर उन्हाळ्यात अंगाला लागणाऱ्या सदऱ्यावर, गंजीफ्रॉकवर किंवा टोपीच्या अस्तरावर हे फिनिश घेऊ नये. सराफांच्या पेढीवरील पांढऱ्या गाद्यांच्या खोळी, खुर्च्यांची आवरणे, एप्रन यांना ही अडचण येत नाही.

प्रश्न : याचा रेनकोट होईल का?

नाही. रोधक कापड शिंतोडे आणि रिमझिम थांबवते. मुसळधार पावसाचा दाब छिद्रांतून पाणी आत ढकलतो. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये दोन कापडांमध्ये रबर घालून संपूर्ण जलाभेद्य कापड केले, पण त्यातून बाष्पही जात नाही. दुसऱ्या महायुद्धात मँचेस्टरच्या शर्ली संस्थेने लांब धाग्याचा कापूस इतका घट्ट विणला की भिजल्यावर तंतू फुगून छिद्रे बंद होत. ‘व्हेंटाइल’ नावाचे ते कापड आजही मिळते, स्वस्त मात्र नाही. बाजार समितीच्या आवारात धान्यावर टाकायला ताडपत्रीच वापरावी.

प्रश्न : सूर्यप्रकाशाने डाग जाणारे कापड ऐकले आहे. ते हेच का?

ते निराळे आहे. त्यात टायटॅनियम डायऑक्साइडचे सूक्ष्म कण असतात आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी ते सेंद्रिय डागांचे विघटन करतात. या प्रकाश-उत्प्रेरणेचा पाया फुजिशिमा आणि होंडा यांच्या १९७२ च्या शोधनिबंधाने घातला गेला. खानदेशात ऊन मुबलक आहे, म्हणून कल्पना मोहक वाटते. परंतु जी क्रिया डाग तोडते तीच रंग आणि सेल्युलोज यांनाही सोडत नाही, आणि तिचा वेग कॉफीच्या फिकट डागाला तासांत मोजावा इतका असतो. रोधक थरावर असे कण मिसळले तर ते थरच खाऊ शकतात.

प्रश्न : धुळ्यात यंत्रमागावर विणलेल्या कोऱ्या कापडावर थेट फिनिश करता येईल का?

थेट करू नये. कोऱ्या कापडावर ताण्याला दिलेली खळ असते. खळ पाणीप्रेमी असल्यामुळे तिच्यावर बसलेले फिनिश पहिल्याच धुण्यात खळीसकट निघून जाते. आधी खळ काढणे, मग कॉस्टिकने मेण आणि तेलकटपणा काढणे, ब्लीच, रंगाई आणि त्यानंतर शेवटी फिनिश, हा क्रम बदलता येत नाही. कापडात अल्कली किंवा साबण उरलेला असेल तरीही गुण घसरतात; कापड किंचित आम्लधर्मी करून मगच पॅडिंगला घ्यावे. रंगाईत वापरलेले ओलावा वाढवणारे द्रव्य नीट धुतले न जाणे हे अपयशाचे नेहमीचे आणि सर्वांत कमी ओळखले जाणारे कारण आहे.

नंदुरबार-नवापूरकडील उत्पादकांना सुरतेची प्रोसेस हाउसे जवळ पडतात; तेथे प्रामुख्याने कृत्रिम धाग्याचे काम चालते, म्हणून सुती कापडाचा अनुभव किती आहे ते आधी विचारावे. ऑर्डर देताना रसायनाचे नाव विचारण्यापेक्षा क्युअरिंगचे तापमान आणि वेळ, फिनिशपूर्वीच्या कापडाचा पीएच आणि धुण्यानंतरचे गुण लेखी घ्यावेत. कापडाची ताकदही फिनिशपूर्वी आणि नंतर तपासावी, कारण रेझिनसोबत वापरलेले आम्लधर्मी उत्प्रेरक जास्त तापले की सूत कमकुवत होते आणि कापड शिवणीजवळ फाटते.

प्रश्न : घरी धुताना काय काळजी घ्यावी?

साबण कमी आणि पाणी भरपूर वापरावे, कारण कापडात राहिलेला साबण स्वतःच पाण्याला आत ओढतो. कपडे मऊ करणारे द्रव वापरू नये. त्याचा पाणीप्रेमी थर फिनिशवर बसतो आणि लोक फिनिश गेले असे समजतात. क्लोरीनचे ब्लीच टाळावे. धोपटण्याने आणि दगडावर घासण्याने थर झिजतो. वाळल्यावर सुती कापडाला साजेशी गरम इस्त्री फिरवावी : धुताना पॉलिमरच्या साखळ्या आत वळलेल्या असतात आणि उष्णतेने त्या पुन्हा बाहेरच्या बाजूला उभ्या राहतात, त्यामुळे निकामी वाटणारे कापड पुष्कळदा इस्त्रीनंतर पुन्हा पाणी नाकारू लागते.

प्रश्न : बाजारात मिळणारा स्प्रे घरच्या कपड्यांवर मारावा का?

तात्पुरत्या उपयोगासाठी मारता येतो. क्युअरिंग नसल्यामुळे तो टिकाऊ नसतो. बंद खोलीत मात्र कधीही मारू नये. अशा फवाऱ्यांचा बारीक तुषार श्वासावाटे फुप्फुसांत गेल्याने तीव्र इजा झाल्याच्या घटना युरोपात नोंदल्या गेल्या आहेत. अंगणात, वारा पाठीशी ठेवून, लहान मुलांना दूर ठेवून मारावा आणि कापड पूर्ण वाळल्यावरच घरात आणावे.

प्रश्न : दुकानात ‘नॅनो’ असे लिहिलेले कापड दाखवतात. खरेखोटे कसे ओळखावे?

दुकानदार बहुधा पाणी किंवा मध ओतून दाखवतो. मधही जलीय आहे, त्यामुळे तो घरंगळला यावरून तेलाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. खिशात शेंगदाणा तेलाची छोटी बाटली न्यावी. नमुन्याच्या तुकड्यावर एक थेंब पाण्याचा आणि एक तेलाचा ठेवावा, अर्धा मिनिट थांबावे आणि मग थेंबाखालचे कापड गडद झाले का ते पाहावे. पाण्याखाली कोरडे आणि तेलाखाली गडद असेल, तर ते फ्लोरिनविरहित पाणीरोधक आहे; केळीच्या कामाला आणि पावसाच्या शिंतोड्यांना ते पुरेल. दोन्ही ठिकाणी कोरडे राहिले, तर कापडात फ्लोरिन असण्याची शक्यता दाट आहे, आणि मग ते कोणत्या साखळीचे आहे याचा कागद मागावा. थेंब पुसून त्याच जागी बोट जोराने वीसएक वेळा घासावे आणि पुन्हा पाण्याचा थेंब ठेवावा. तो आता पसरला, तर थर तंतूला जोडलेला नाही.